डब्यातला रस

हल्ली मार्गशीर्षातल्या लग्नातही पानात आमरसाची वाटी येते. बाहेर थंडी पडलेली, बायका शालू सावरत शाली शोधताहेत, आणि पानात केशरी रस! पहिला घास घेतल्यावर कुणीतरी शेजारणीकडे वाकून म्हणतंच, "रंग छान आहे हो, पण डब्यातला आहे." शेजारीण मान डोलावते. मग दोघीही वाटी चाटूनपुसून संपवतात.

मला या वाक्यातल्या "पण"चं फार कुतूहल आहे. मार्गशीर्षात आंबा झाडावर नसतो हे दोघींनाही ठाऊक असतं. रस डब्यातला नसेल तर कुठला असणार? तरीही तक्रार होतेच. म्हणजे डबा उघडताना आपण त्याच्याकडून काहीतरी मागत असतो आणि ते मिळत नाही. नेमकं काय मागतो आपण? हे शोधायचं तर डब्याचा इतिहास थोडा मागून बघावा लागतो.

डबा मुळात घरात बसलेल्या माणसासाठी निघालाच नव्हता. फ्रान्समध्ये निकोलस अपेर नावाचा एक मिठाईवाला होता. काचेच्या बाटलीत अन्न भरायचं, बूच घट्ट ठोकायचं आणि ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, एवढीच त्याची युक्ती. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले आणि अट घातली, की कृती छापून सगळ्यांना खुली करायची. सरकारला काळजी होती ती फौजेची आणि आरमाराची. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं, आणि १८१३ पर्यंत डॉन्किन आणि हॉल यांच्या कारखान्यातून डबे बाहेर पडू लागले. ते गेले जहाजांवर. गंमत म्हणजे डबा उघडायचं हत्यार निघायला पुढे चाळीसेक वर्षं लागली! तोवर छिन्नी आणि हातोडी. महिनोन्‌महिने खारवलेलं मांस आणि कडक बिस्किटं खाणाऱ्या खलाशाला डब्यातलं मटण ताज्यासारखं लागतं का, असं कुणी विचारलं नाही. ते नासलेलं नव्हतं, एवढं त्याला पुरे होतं.

अर्थात तेही दर वेळी मिळायचं नाही. १८५२ साली इंग्लंडमध्ये आरमाराच्या कोठारात गोल्डनर नावाच्या ठेकेदाराचे डबे तपासायला घेतले. ३०६ डबे उघडले, त्यांतले जेमतेम ४२ खाण्याजोगे निघाले. बाकीच्यांना इतकी दुर्गंधी, की उघडणारे हैराण झाले. डब्यावरचा लोकांचा विश्वास उडाला तो असा. डबा नासतो का आणि टिकतो का, हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. अपेरलाही नव्हतं. पाश्चरने १८६० च्या दशकात सूक्ष्म जंतूंची गोष्ट सिद्ध करेपर्यंत सगळा अंदाजपंचे कारभार होता.

या कोड्याचा शेवटचा भाग सुटला तो शिंपल्यांमुळे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शिंपल्यांचं दूध-बटाटा घातलेलं दाट सूप करतात, त्याला चाउडर म्हणतात. शिंपले म्हणजे आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांचे भाऊबंदच. बोस्टनच्या अंडरवुड कंपनीचे शिंपल्यांचे डबे फुगायचे, आतला माल नासायचा. १८९५ च्या सुमारास त्या घराण्यातले विल्यम लायमन अंडरवुड तिथल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत गेले, आणि सॅम्युएल प्रेस्कॉट या तरुण संशोधकाबरोबर त्यांनी डब्यांचा पिच्छा पुरवला. निष्कर्ष असा निघाला, की काही जंतूंची बीजं साध्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. त्यांना दाबाखालची वाफ लागते, सुमारे १२१ अंशांची, आणि ती डब्याच्या अगदी मध्यापर्यंत पोचून काही मिनिटं टिकावी लागते. आजही कारखान्यांत हाच १२१ चा आकडा चालतो. घरचा प्रेशर कुकरही साधारण तिथेच शिट्टी देतो.

आता या १२१ अंशांची किंमत काय? बटाटा मऊ पडतो, दूध किंचित काळवंडतं, शिंपला चिवट होतो. पण चाउडर हा मुळात शिजवलेला पदार्थ. त्याला आणखी शिजवलं तर बिघडतं, पण ओळख जात नाही. आपल्याकडे कोलकात्याच्या के. सी. दास यांनी १९३० च्या सुमारास रसगुल्ला डब्यात घातला आणि तो लोकांनी आनंदाने स्वीकारला, त्याचं कारणही हेच असावं. रसगुल्ला जन्मतःच पाकात उकळलेला. डब्यात जाताना त्याला काही नवीन भोगावं लागत नाही.

आंब्याचं तसं नाही. आंबा आपण कच्चा, म्हणजे न शिजवता खातो. तो आंबट जातीचा असल्यामुळे त्याला १२१ अंशांची शिक्षा होत नाही, उकळत्या पाण्यावर भागतं. आंबट रसात ती चिवट बीजं डोकं वर काढत नाहीत. पण उकळणंसुद्धा आंब्याला जडच जातं. केशरी रंग देणारी द्रव्यं उष्णता बऱ्यापैकी सोसतात, म्हणून रंग राहतो. साखर जाणार कुठे, तीही राहते. उडून जातो तो वास. घरात हापूसची पेटी आली की दारातून आत शिरताना कळतं ना, तो वास ज्या द्रव्यांचा, ती मुळात हवेत उडणारीच. म्हणून तर आपल्याला दारात कळतं! रस तापवला की ती आधी निघून जातात आणि मागे एक शिजका, गुळमट वास राहतो. लग्नातल्या त्या बाईंचं वाक्य म्हणजे शास्त्रदृष्ट्याही अचूक आहे. रंग छान आहे, पण डब्यातला आहे.

असो. आता जरा आमच्या पेठेत येऊ.

नारायण पेठ म्हणजे बाहेरच्या अन्नाकडे संशयाने बघायची जुनी सवय असलेला भाग. एकोणिसाव्या शतकात पुण्यात दोन गावं नांदत होती म्हणा ना. पूर्वेला लष्कर, तिथे साहेब, आणि साहेबाच्या टेबलावर विलायतेहून आलेले मटार नि सामन माशाचे डबे. त्या काळी हिंदुस्थानातल्या साहेब लोकांत डबाबंद पदार्थ मेजवानीला मांडणं प्रतिष्ठेचं होतं. मद्रासच्या कर्नल केनी-हर्बर्ट यांनी १८७८ च्या आपल्या पाकपुस्तकात या वेडाची चांगली खरडपट्टी काढली आहे. इथे ताजा मासा मिळत असताना डब्यातला कशाला, असा त्यांचा सवाल.

आणि पश्चिमेला नदीच्या अंगाला पेठा. तिथला प्रश्न चवीचा नव्हताच, कुणाच्या हातचं हा होता. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींसमोर चहा-बिस्किटं ठेवली गेली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. नुसत्या त्या चहावरून गावात ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तांच्या वाटाघाटी झाल्या. तेच टिळक पुढे आमच्या पेठेतल्या गायकवाडवाड्यात राहायला आले, ज्याला आपण आज केसरीवाडा म्हणतो. जिथे एक कप चहा इतका महाग पडतो, तिथे कुठल्या गावी कुणी शिजवून सील केलेलं अन्न स्वयंपाकघरात यायला किती वर्षं लागली असतील, विचार करा.

पत्र्याचा डबा मात्र आला, रिकामा होऊन. आधी रॉकेलचा, मग १९३७ पासून डालड्याचा. वाड्यावाड्यात डालड्याच्या डब्यांत गहू, डाळी, नळाचं पाणी, आणि सज्जात तुळस. आमच्या बोलीत डबा म्हणजे साठवणीचा. अन्न टिकवायची विद्या घरात होतीच, फक्त तिला डबा लागत नव्हता. मीठ, साखर, तेल आणि ऊन यांवर काम भागायचं. कैरीचं लोणचं, साखरांबा, मुरांबा, आणि कोकणातून येणारं आंब्याचं साठं.

इथे मला एक फरक दिसतो. मुरांब्याला कधी कुणी म्हटलं का, "छान आहे हो, पण आंब्यासारखा नाही लागत"? नाही म्हणत. मुरांबा आंब्याची बरोबरी करायला जातच नाही. तो मुरांबा असतो. साठं हे साठं असतं. त्यांनी काळाशी तडजोड केली आणि त्या तडजोडीची स्वतःची चव झाली. डबा मात्र म्हणतो, मी काहीच बदललेलं नाही, आंबा होता तसा दिलाय. चित्रही तसंच छापतो, दव पडलेला, अर्धा कापलेला हापूस. फसगत तिथून सुरू होते.

पेठेत रसाचे डबे पोचले ते माझ्या आठवणीप्रमाणे घरच्याच आंब्याचे. सरकारची सामुदायिक डबाबंदी केंद्रं त्या काळी शहरांतून चालत. आपलं फळ न्यायचं, ठरलेली मजुरी द्यायची आणि डबे घेऊन यायचे. आमची आई आणि वाड्यातल्या दोन काकू मे महिन्याच्या शेवटी, भाव उतरला की, अढीतले पिकलेले आंबे पाटीत घालून रिक्षाने न्यायच्या. मी शेपटासारखी मागे. तिथे आंबे धुवायचे, सोलायचे, रस काढून चाळायचा. साका निघालेला आंबा बाजूला. मग रसात मापाने साखर आणि किंचित सायट्रिक ॲसिड, मोठ्या पातेल्यात तापवणं, गरम असतानाच डब्यात भरणं, यंत्राखाली झाकण बसवणं. भरलेले डबे पुन्हा उकळत्या पाण्यात, तिथून थेट गार पाण्याच्या हौदात. गार होता होता झाकणं आत ओढली जायची आणि टक्‌ टक्‌ आवाज यायचे. आई ते आवाज मोजायची. जेवढे डबे तेवढे आवाज व्हायला हवेत. झाकण वर फुगलेला डबा पुढे वर्षभरात कधीही दिसला, तर न उघडता फेकायचा, हा नियम.

ते डबे दिवाळीनंतर, कुणी पाहुणे आले तर निघायचे. आणि खरं सांगते, त्या रसाला कुणी नावं ठेवल्याचं आठवत नाही. तो काही फार वेगळा नव्हता, शिजका वास त्यालाही होता. पण आत काय घातलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. "हा गेल्या मेमधला" असं सांगूनच वाढला जायचा.

नावं ठेवायचे ते एकटे अण्णा, म्हणजे आमचे वडील. ते ठेवायचे म्हणण्यापेक्षा, हातच लावायचे नाहीत. रस खायचा तो पायरीचा, हाताने पिळलेला, वर तूप आणि चिमूटभर मिरपूड. हापूस कापून खायचा. आणि दोन्ही पहिल्या पावसापर्यंत. "आंबा त्याच्या वेळेला खावा, गेला की जाऊ द्यावा," असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, तुम्हाला जाऊ द्यायला काय होतंय, भाव उतरल्यावर आणते कोण, पिकवते कोण!

अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा १९६५ मध्ये बदलला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पेठांमधल्या घराघरांतून कुणी ना कुणी तिकडे गेलं. आमच्याकडून भाऊ गेला, न्यू जर्सीला. तिथे भारतातला ताजा आंबा येत नव्हता. फळमाशीच्या धास्तीने बंदी होती. बंदी उठून पहिल्या पेट्या पोचल्या त्या एप्रिल २००७ मध्ये, आणि त्याही नाशिकजवळ लासलगावला, कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात किरणांचा मारा करून घेऊन. तोवर तिकडच्या मराठी माणसाचा आंबा म्हणजे देशी दुकानातला स्वाद नाहीतर दीपचा डबा, ८५० ग्रॅमचा. आमरस त्याचा, आम्रखंड त्याचं, मंडळाच्या स्नेहसंमेलनातली लस्सीही त्याचीच. तिकडे वाढलेल्या कितीतरी मुलांना आंब्याची चव म्हणजे तीच चव. ती पोरं सुट्टीत पुण्याला आली की ताजा रस चाखून म्हणतात, हा बरोबर नाही लागत. हसावं की काय करावं कळत नाही.

अण्णा गेल्यानंतरची दुसरी अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पितरांना पाण्याचा घट आणि आंबा दिल्याशिवाय घरात कुणी आंब्याला तोंड लावत नाही. भावाचा फोन आला. परदेशी बोलणं तेव्हा मिनिटामिनिटाला महाग, त्यामुळे तो मुद्द्यावरच आला. "आई, इथे डब्यातलाच रस आहे. अण्णांना तो ठेवू का? का नुसती खीर करू?"

त्याच्या आवाजात काय होतं ते मला शेजारी उभी राहूनही ऐकू आलं. अण्णांनी जन्मभर ज्याला हात लावला नाही, तेच त्यांच्या नावाने पानात वाढायचं? आणि न वाढावं, तर आंब्याच्या दिवसांत बापाला आंबा नाही.

आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "ठेव रे. नाक मुरडतील, पण जेवतील. तिथे दुसरं मिळत नाही, एवढं कळत होतं त्यांना."

इतिहासाची पुस्तकं जे दोनशे वर्षांचं सांगतात, ते आईने एका वाक्यात उरकलं असं मला नंतर वाटलं. डब्याशी तुलना कशाची करायची, हा खरा प्रश्न आहे. अढीतल्या पायरीशी केली तर डबा हरणारच, पहिल्या घासालाच. पण आंबाच नसलेल्या जागेशी केली तर? खलाशाने ती तशी केली, न्यू जर्सीतल्या भावाने तशी केली. त्यांच्या हिशेबात डबा कमी पडला नाही.

आणखी एक तुलना आहे, ती आपण पुण्यात बसून क्वचितच करतो. कोकणातल्या बागायतदाराची. रत्नागिरी-देवगडकडे "कॅनिंग" हा आता मराठीच शब्द झाला आहे. हंगामाच्या शेवटी, मेच्या उत्तरार्धात, सगळा आंबा एकदम पिकतो. त्यातला डागी, लहान, वाऱ्याने पडलेला माल पेटीत भरून वाशीला किंवा पुण्याला पाठवण्यात अर्थ नसतो. वळवाचा पाऊस आला की तोही नाही. तो किलोवर कॅनिंगला जातो. दर किती लागला यावर त्या वर्षीच्या खताची, फवारणीची उधारी फिटते की नाही हे ठरतं. २०१४ च्या मेपासून युरोपने काही महिने आपला ताजा आंबा रोखला, तेव्हाही रसाच्या डब्यांना ती आडकाठी नव्हती. आपण ज्याला "पण डब्यातला" म्हणतो, त्याच डब्यावर तिकडे कुणाचा तरी जून उजाडतो.

तेव्हा डब्यावर माझा राग नाही. राग आहे तो नाव लपवण्यावर. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण कार्यालयातल्या स्टीलच्या पातेल्यातून वाढल्या जाणाऱ्या रसाला मानांकन कोण विचारतो? देशातला डबाबंद रस मोठ्या प्रमाणावर होतो तो आंध्रातल्या चित्तूर आणि तमिळनाडूतल्या कृष्णगिरी भागात, तोतापुरी आंब्याचा. तोतापुरी वाईट नाही, पण तो हापूस नाही. डबा विकत घेतला तर त्यावर वाचता तरी येतं, कुठला आंबा, साखर किती, आम्लतेसाठी काय घातलंय. एकदा तो पातेल्यात ओतला की वाचायचं काय? वाढपी "ताजा हापूस" म्हणून वाढून जातो आणि डबा आपलं नाव गमावतो. आईच्या त्या गेल्या मेमधल्या डब्याला अशी गरज कधी पडली नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी पानात हिवाळी आमरस वाढला, तर केटररला सरळ विचारा, कुठल्या आंब्याचा आणि कधीचा. त्याने खरं सांगितलं तर त्या "पण"ची गरजच उरत नाही. चिमूटभर मिरपूड घाला, थोडं तूप घाला आणि खा. आंबा म्हणून नव्हे, गेल्या मेमधला आंबा म्हणून.